तिसाव्या किलोमीटरला डोळ्यांत उतरलेले सनस्क्रीन : एक प्रकरण अभ्यास

स्त्री, वय ३८. मुंबईची पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, अपेक्षित वेळ पाच तासांच्या आसपास. दोन्ही डोळ्यांना उणे साडेतीनचा नंबर, धावताना रोज नव्या घालून टाकून द्यायच्या कॉन्टॅक्ट लेन्स. तक्रार अशी की तीस किलोमीटर झाल्यावर आधी उजवा डोळा झोंबू लागला, पाच मिनिटांत दोन्ही डोळे उघडेनासे झाले. डोळ्यांच्या आसपास सनस्क्रीन लावलेच नव्हते, असे त्यांचे ठाम म्हणणे. ते खरेही होते.

ही धावपटू म्हणजे कोणी एक व्यक्ती नव्हे. लांब पल्ल्याच्या शर्यतींत जे वारंवार घडते ते इथे एकाच धावपटूच्या सकाळीत मांडले आहे, म्हणजे एकेक कारण सुटे करून पाहता येईल. सायकलस्वार, क्रिकेटचे गोलंदाज, उन्हात उभे राहून काम करणारे सर्वेक्षक यांच्या बाबतीतही तपशील थोडेफार बदलतात, गाभा तोच राहतो.

पहाटे चार ते सकाळी आठ

घरातून निघण्यापूर्वी, पहाटे चारला, त्यांनी पूर्ण चेहऱ्यावर जेल स्वरूपाचे एसपीएफ ५० चे सनस्क्रीन लावले. डोळ्यांखालची जागा आणि पापण्या मुद्दाम टाळल्या. कपाळ जास्त भाजते असा अनुभव असल्यामुळे तिथे भरपूर थापले. मग हात पाण्याखाली धरून टॉवेलला पुसले आणि लेन्स घातल्या. इथेच पहिली चूक झाली, पण तिचे परिणाम लगेच दिसले नाहीत. सनस्क्रीन साध्या पाण्याने बोटांवरून निघत नाही. बोटांच्या पेरांवर राहिलेला पातळ थर लेन्सवर गेला आणि लेन्स सुरुवातीपासूनच किंचित धूसर होती. झोप पुरी झाली नसेल म्हणून त्यांनी तिकडे लक्ष दिले नाही.

शर्यत पहाटे पाचच्या सुमारास सुरू होते. जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो. म्हणजे पहिले दोन तास अंधार, त्यानंतर कोवळे ऊन. पण दमट हवेमुळे घाम पहिल्या पाच किलोमीटरपासूनच सुरू. सूर्य वर येईपर्यंत पहाटेचा थर बराचसा घामाबरोबर वाहून गेला होता किंवा मनगटाने पुसला गेला होता. टोपी घातलेली नव्हती, डोक्याला फक्त सुती पट्टा होता.

सत्ताविसाव्या किलोमीटरला त्यांनी कमरेच्या पट्ट्यातली छोटी ट्यूब काढली आणि पळता पळताच दुसरा थर लावला. कपाळ ओले होते. माहीमहून परतताना, शिवाजी पार्क मागे टाकल्यावर, पाण्याच्या टेबलावर ओला स्पंज मिळाला. तो त्यांनी मान खाली घालून डोक्यावर पिळला. गार पाणी केसांतून कपाळावर, कपाळावरून भुवयांवर आणि तिथून सरळ डोळ्यांत. उजवा डोळा झोंबला तसा त्यांनी मनगटपट्टीने चोळला. त्याच पट्टीने तीन तास चेहरा टिपलेला होता.

पहिली दहा मिनिटे

डोळा मिटला, पाणी वाहू लागले. हातात होते ते इलेक्ट्रोलाइटचे पेय, तेच डोळ्यावर ओतले. त्यात साखर, मीठ आणि सायट्रिक आम्ल असते, त्यामुळे आग वाढली. नंतर एका स्वयंसेवकाने पाण्याची बाटली दिली. अर्धा मिनिट पाणी मारल्यावर थोडे बरे वाटले म्हणून त्या पुन्हा धावू लागल्या, दोनशे मीटरवर पुन्हा थांबल्या. आता डावा डोळाही झोंबत होता आणि उजव्या डोळ्यातली लेन्स सरकली होती.

या टप्प्यावर काय करायला हवे ते क्रमाने सांगतो, कारण इथे क्रमच महत्त्वाचा आहे.

आधी बाजूला थांबायचे. मिटल्या डोळ्यांनी धावणे हा सनस्क्रीनपेक्षा मोठा धोका आहे. मग वरून येणारा ओघ बंद करायचा. डोळा धुण्याआधी कपाळ आणि भुवया कोरड्या, स्वच्छ कापडाने टिपायच्या, मधून कानशिलाकडे, खालच्या दिशेने नाही. बहुतेक जण हे करत नाहीत आणि म्हणूनच धुतलेला डोळा दोन मिनिटांत पुन्हा झोंबतो. भुवयांचे केस ओल्या सनस्क्रीनने भरलेले असतात. तिथून थेंब थेंब येतच राहते.

नंतर हात. साबण आणि पाणी मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तर बोटे ओल्या कागदी रुमालाने नीट घासून पुसायची. हँड सॅनिटायझर मात्र लावायचे नाही. त्यातले अल्कोहोल बोटावर राहिले आणि तेच बोट लेन्स काढायला डोळ्यात गेले, तर सनस्क्रीनची आग परवडली असे होते.

हात स्वच्छ झाल्यावर लेन्स काढायची आणि टाकून द्यायची. लेन्सखाली सनस्क्रीनचा अंश अडकतो, शिवाय लेन्सचे मऊ द्रव्य काही घटक धरून ठेवते. लेन्स नळाच्या किंवा बाटलीच्या पाण्याने धुऊन परत घालणे तर अजिबातच नको. अशा पाण्यात अकांथअमिबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो आणि लेन्सबरोबर तो डोळ्यात गेला तर बुबुळाचा, म्हणजे डोळ्यासमोरच्या पारदर्शक पडद्याचा (कॉर्नियाचा), गंभीर संसर्ग होतो. लेन्स निघतच नसेल तर वाट पाहत बसू नये, धुणे सुरू करावे. बहुधा धारेने ती सैल होते.

मग धुणे. या प्रकरणात वैद्यकीय कक्षात ०.९ टक्क्यांच्या सलाईनची ५०० मिलिलिटरची बाटली नळी लावून वापरली. एका डोळ्याला एक बाटली, साधारण दहा मिनिटे, म्हणजे मिनिटाला ५० मिलिलिटर. ही धार मंद असते, डोळ्यावर मारा होत नाही. उताणे झोपवून डोके ज्या डोळ्याला धुवायचे त्या बाजूला वळवले, धार नाकाकडच्या कोपऱ्यावर धरली आणि पाणी बाहेरच्या कोपऱ्यातून कानाकडे जाऊ दिले. उलट केले तर एका डोळ्यातले दुसऱ्यात जाते. मधूनमधून खालची पापणी खाली ओढायची, वरची उचलायची, चारी दिशांना पाहायला सांगायचे आणि उघडझाप करायला लावायची. नुसते मिटलेल्या पापणीवर पाणी सोडून काही साधत नाही.

सलाईन नसेल तर पिण्याचे स्वच्छ पाणी चालते. रस्त्यावर मिळणाऱ्या एक लिटरच्या बाटलीच्या झाकणाला बारीक भोक पाडले की हवी तशी धार मिळते. पाणी फार गार नको, बर्फाचे तर नकोच. वेळ मात्र किमान दहा मिनिटे, आग कमी झाली नाही तर पंधरा. अर्ध्या मिनिटात बरे वाटणे फसवे असते. पाण्याच्या स्पर्शाने मज्जातंतू क्षणभर शांत होतात, पण तेलकट अंश पापणीच्या आतल्या बाजूला तसाच राहतो. पाण्याने निघू नये अशीच तर वॉटर रेझिस्टंट सनस्क्रीनची रचना असते. म्हणून इथे पाण्याच्या जोरापेक्षा वेळ आणि पापण्यांची हालचाल यांवर भिस्त ठेवावी लागते.

शेवटी पापण्यांच्या कडा. ओल्या, मऊ कापडाने किंवा गॉजने मिटलेल्या डोळ्याची पापणी नाकाकडून कानाकडे एकदाच पुसायची, प्रत्येक वेळी कापडाची नवी बाजू घ्यायची. त्यानंतर संरक्षक द्रव्य नसलेले कार्बोक्सिमिथाइलसेल्युलोज ०.५ टक्के, म्हणजे डोळ्याला ओलावा देणारे साधे थेंब, दोन-दोन.

कक्षातल्या डॉक्टरांनी पुढे जाऊ देण्याआधी तीन गोष्टी पाहिल्या. डोळे आपणहून उघडे राहतात का, बुबुळ स्वच्छ दिसते का, आणि नंबर लक्षात घेता प्रत्येक डोळ्याने वेगवेगळे नीट दिसते का. दोन हात लांबवरच्या फलकावरची मोठी अक्षरे त्यांनी दोन्ही डोळ्यांनी वाचली. लेन्सशिवाय उरलेले अंतर त्यांनी बरेचसे चालत, पेडर रोडची चढण तर पूर्ण चालतच, पार केले. उणे साडेतीनच्या नंबरवर गर्दीतून धावण्याचा हट्ट केला नाही, हे योग्यच झाले. कमरेच्या पट्ट्यात जुना चष्मा असता तर प्रश्नच नव्हता. लेन्स घालून शर्यत धावणाऱ्याने तो ठेवावाच.

डोळ्यात काय घालू नये

गुलाबपाणी, मध, दूध, तूप, एरंडेल, तुरटीचे पाणी. घरातली मोठी माणसे मायेने सुचवतात, पण यातले काहीही निर्जंतुक नसते आणि आधीच सोललेल्यासारख्या झालेल्या बुबुळावर जंतू नेऊन ठेवते. तूप किंवा एरंडेल तर तेलकट थर आणखी वाढवतात. औषधाच्या दुकानात मिळणारे लाली घालवणारे थेंब रक्तवाहिन्या आवळून डोळा पांढरा दाखवतात, इजा तशीच राहते. घरात उरलेले स्टेरॉइडचे थेंब त्याहून धोक्याचे, संसर्ग असेल तर तो झपाट्याने वाढतो. बधिर करणारे थेंब तपासणीपुरते डॉक्टरांच्या हातात ठीक, घरी वापरले तर बुबुळ भरून येणेच थांबते.

इथे एक भेद लक्षात ठेवावा. सनस्क्रीनमुळे होणारी इजा जवळजवळ नेहमी वरवरची असते. तंबाखूबरोबर खायच्या चुन्याची पुडी फुटून डोळ्यात गेली तर ती वेगळीच गोष्ट. चुना अल्कली आहे, तो आत आत जाळत जातो, तिथे चुन्याचे कण काढून लगेच धुणे सुरू करायचे आणि धूत धूतच रुग्णालय गाठायचे. दोन्हीची आग सुरुवातीला सारखीच वाटू शकते, म्हणून डोळ्यात नेमके काय गेले हे आधी विचारावे.

शर्यतीत आणखी एक संशयित असतो. वाटेत पायांवर मारले जाणारे वेदनाशामक स्प्रे. त्यात मेंथॉल आणि मिथाइल सॅलिसिलेट असते. पोटरीला हात लावून तोच हात डोळ्याला लागला की आग होते, आणि दोष सनस्क्रीनवर जातो. ओळखायची खूण सोपी आहे. मेंथॉलचा डोळा आधी गार लागतो आणि मग जळतो, शिवाय बोटांना वास येतो.

दुसऱ्या दिवशी

रात्री आग थांबली होती. सकाळी उजव्या डोळ्यात वाळू गेल्यासारखे खुपत होते आणि खिडकीकडे पाहवत नव्हते. डाव्या डोळ्याची तक्रार संपलेली. नेत्रतज्ज्ञांनी फ्लुरोसीन या केशरी-पिवळ्या रंगाची पट्टी टेकवून निळ्या उजेडात पाहिले. उजव्या बुबुळाच्या खालच्या भागात हिरवे, टाचणीच्या टोकाएवढे ठिपके चमकले. बुबुळाचा सर्वांत वरचा पेशीथर जिथे जिथे सुटलेला असतो तिथे हा रंग धरतो. ठिपके उजव्याच डोळ्यात होते, कारण तोच जोराने आणि जास्त वेळा चोळला होता. सनस्क्रीनने थर नाजूक केला, मनगटपट्टीने तो खरवडला.

उपचार साधा. ओलावा देणारे थेंब दर दोन तासांनी, चार दिवस लेन्स बंद, चष्मा आणि उन्हाचा गॉगल. अठ्ठेचाळीस तासांत ठिपके भरून आले. हा पेशीथर झपाट्याने भरून येतो, म्हणूनच अशा प्रकरणांचा शेवट बहुधा चांगला होतो. मात्र चोवीस तासांनंतरही दुखत असेल, उघडझाप केल्यावरही धूसर दिसत असेल, उजेड सहन होत नसेल, बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल किंवा चिकट पू येत असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. लेन्स वापरणाऱ्याने तर चोवीस तासांची वाटही पाहू नये. धुऊन, लेन्स काढून काही तासांनीही दुखत असेल तर दाखवून यावे.

ते आले कुठून

डोळ्यांभोवती न लावलेले सनस्क्रीन डोळ्यांत गेले ते कपाळावरून. हे एकदा पटले की निम्मी अडचण सुटते.

कपाळावर घामाच्या ग्रंथी दाट असतात. दमट हवेत धावणाऱ्याला तासाला एक लिटर घाम येणे विशेष नाही. भुवया त्यातला थोडा घाम बाजूला वळवतात, पण ओघ वाढला की त्या भरतात आणि ओसंडतात. आता डोळ्याची क्षमता पाहा. डोळ्यावर पसरलेले अश्रू एका वेळी फक्त सात ते दहा मायक्रोलिटर असतात. पापणीच्या आतल्या पोकळीत फार तर तीसेक मायक्रोलिटर मावते. घामाचा एक टपोरा थेंब सुमारे ५० मायक्रोलिटरचा. म्हणजे एकच थेंब पडला तरी डोळ्यातले सगळे मूळ पाणी बाहेर ढकलले जाते आणि त्याच्या जागी सनस्क्रीन मिसळलेला घाम बसतो.

नुसता घाम इतका का झोंबत नाही? ताजा घाम अश्रूंपेक्षा कमी खारट असतो. तो थोडासा आम्लधर्मी असतो, वाळत आला की मीठ दाटते, त्यामुळे चुरचुरतो, पण डोळा दोन-तीन उघडझापांत त्याला बाहेर काढतो. सनस्क्रीन निघत नाही, कारण त्यातले बहुतेक सेंद्रिय (म्हणजे कार्बनी रसायनांचे) यूव्ही फिल्टर, म्हणजे अतिनील किरण अडवणारे घटक, तेलात विरघळणारे आहेत. अ‍ॅव्होबेन्झोन, ऑक्टोक्रायलीन, होमोसॅलेट, ऑक्टिसॅलेट, ऑक्टिनॉक्सेट ही त्यातली नेहमीची नावे. ते अश्रूंच्या सर्वांत वरच्या तेलकट थरात मिसळतात. तो थर फाटला की अश्रू लवकर वाळतात, बुबुळ उघडे पडते, दिसणे धूसर होते. त्यावर तेल आणि पाणी एकत्र धरणारे इमल्सिफायर, अल्कोहोल आणि सुगंधाची भर. बुबुळ हा शरीरातला मज्जातंतूंनी सर्वांत दाट विणलेल्या भागांपैकी एक आहे, तेव्हा अगदी थोडा अंशही पुरतो.

या प्रकरणात तीन गोष्टींनी ओघ मोकळा केला. ओल्या कपाळावर लावलेला दुसरा थर ही सर्वांत मोठी. सनस्क्रीनमधली थर धरणारी द्रव्ये कोरड्या त्वचेवर पंधरा ते वीस मिनिटे वाळली तरच चिकटतात. ओल्या त्वचेवर ती घामातच तरंगत राहतात. त्या कपाळावर संरक्षणही मिळाले नाही आणि डोळ्यांत जायला तयार असा पांढरट पातळ घोल मात्र तयार झाला. दुसरी गोष्ट सुती पट्टा. तो भरेपर्यंत छान काम करतो, भरला की कपाळावर एकसारखा गळत राहतो. तिसरी गोष्ट स्पंज, मान खाली घालून.

वॉटर रेझिस्टंट या शब्दावरचा भरवसाही इथे तपासावा. अमेरिकेतल्या एफडीएच्या, म्हणजे अन्न आणि औषध प्रशासनाच्या, नियमांनुसार हा दावा ४० किंवा ८० मिनिटांचाच करता येतो आणि वॉटरप्रूफ, स्वेटप्रूफ असे लिहायला २०११ च्या नियमाने मनाई आहे. चार वाजता लावलेल्या थराकडून आठ वाजता काही अपेक्षा ठेवणे चुकीचे.

पुढच्या शर्यतीची आखणी

सुधारणा चेहऱ्याचे भाग पाडून केली. टोपीने कपाळ झाकायचे आणि कपाळावर सनस्क्रीन लावायचेच नाही. पुढे सात सेंटिमीटर कड असलेली, गडद रंगाच्या आतल्या पट्टीची हलकी टोपी पुरते. टोपी नको असेल तर निदान भुवयांच्या वर दीड-दोन बोटांची पट्टी मोकळी ठेवावी. धावताना ही जागा टोपीशिवाय भाजणार, हे मान्य करूनच. आमच्या मते दमट हवेत चार तास धावणाऱ्यासाठी टोपी ही सनस्क्रीनच्या कुठल्याही महागड्या ट्यूबपेक्षा जास्त कामाची आहे.

गाल, नाक, कान, मान, जबडा इथे क्रीम. चेहरा आणि मान मिळून तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत ओढलेल्या दोन रेघा हे नेहमीचे माप. एसपीएफची चाचणी दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम लावून होते आणि बहुतेक लोक त्याच्या निम्मेही लावत नाहीत. इथे कपाळ वगळल्यामुळे दीड बोट पुरते. ते दोन हप्त्यांत लावावे, एकदम थापू नये. जाड थर वाळत नाही आणि घसरतो.

डोळ्यांच्या भोवती घन स्टिक, आणि तीही झिंक ऑक्साइडची. जागा कुठली, ते बोटाने चाचपून ठरवायचे. डोळ्याच्या खोबणीचे हाड हाताला लागते, त्या हाडाच्या बाहेरच्या बाजूने स्टिक फिरवायची, हाडाच्या आत नाही. एका जागी चार वेळा. मेणामुळे स्टिक क्रीमपेक्षा कमी पसरते. हालचालीने आणि त्वचेच्या तेलाने थोडे आत सरकतेच, म्हणून पापणीच्या कडेपर्यंत न्यायची गरज नाही. पापण्यांचे काम कडा वळलेल्या, यूव्ही ४०० लिहिलेल्या गॉगलवर सोपवावे. माहीमहून दक्षिणेकडे येताना सकाळचे ऊन डाव्या अंगाने येते, तेव्हा गॉगलची बाजू उघडी असेल तर डावे कानशील भाजते.

वेळापत्रक असे बसवले. उठल्यावर साबणाने हात धुऊन, पुसून, सर्वांत आधी लेन्स. मग सनस्क्रीन. मग पुन्हा साबणाने हात, विशेषतः बोटांच्या पेरांना आणि नखांच्या कडांना. तळहाताच्या मागची बाजू आणि मनगटाची आतली बाजू सनस्क्रीनशिवाय ठेवायची, कारण घाम त्यांनीच पुसला जातो. मनगटपट्टी दोन्ही हातांना. उजवी फक्त चेहरा टिपायला, डावी नाक आणि बाकी कामाला. टिपायचे म्हणजे टेकवून उचलायचे, ओढायचे नाही.

सूर्योदयानंतर दुसरा थर. तो धावता धावता लावायचा नाही. पाण्याच्या टेबलाच्या पुढे बाजूला एक मिनिट थांबायचे, दोन कागदी रुमालांनी गाल, नाक, मान कोरडी टिपायची आणि फक्त स्टिक फिरवायची. या एका मिनिटाने पाच तासांच्या शर्यतीत काही बिघडत नाही. आधीच्या वेळी डोळ्यांपायी पाऊण तास गेला होता.

स्पंज मानेवर आणि छातीवर पिळायचा. डोक्यावर हवाच असेल तर टोपी घालूनच, हनुवटी वर करून, म्हणजे पाणी मागे जाते. डोक्याला पट्टा असेल तर तो काढून, चेहऱ्यापासून लांब पिळून परत घालायचा.

काही धावपटू भुवयांच्या वर व्हॅसलिनची रेघ ओढतात. घाम तिथे अडून कानशिलाकडे वळतो, हे खरे. पण रेघ चार-पाच मिलिमीटरपेक्षा रुंद नको आणि भुवईच्या बाहेरच्या टोकाशी ती खाली झुकलेली हवी, नाहीतर घाम मधोमध साचून नाकाच्या मुळाशी उतरतो. कडक उन्हात व्हॅसलिन स्वतःच पातळ होते आणि डोळ्यात गेले तर झोंबत नाही पण तासभर धूसर दिसते. लेन्स वापरणाऱ्याने या वाटेला न गेलेले बरे.

ही सगळी आखणी शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा करायची नसते. आधी घरी एक चाचणी. ठरल्याप्रमाणे लावायचे, वीस मिनिटे वाळू द्यायचे, जिन्यावर किंवा दोरीच्या उड्या मारून पंचवीस मिनिटे घाम काढायचा आणि कपाळावर ओंजळभर पाणी सोडायचे. या वेळी लेन्स नको. झोंबले तर डाव्या-उजव्या बाजूला वेगवेगळे उत्पादन लावून पुन्हा पाहायचे, म्हणजे दोष उत्पादनाचा की लावण्याच्या जागेचा हे कळते. त्यानंतर वीस-पंचवीस किलोमीटरच्या सरावात एकदा. दोन्हीत डोळे शांत राहिले तर शर्यतीसाठी तेच, शेवटच्या आठवड्यात बदल नाही.

ट्यूबवर काय वाचायचे

झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड हे खनिज फिल्टर डोळ्यांना कमी झोंबतात. फक्त झिंकवर आधारलेले घेतले तर यूव्हीए किरणांचे संरक्षणही बऱ्यापैकी मिळते, टायटॅनियम एकटे तिथे कमी पडते. मात्र मिनरल असे मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या काही ट्यूबांत सेंद्रिय फिल्टरही असतात. घटकांची यादी मागे बारीक अक्षरांत असते, तीच खरी. अ‍ॅव्होबेन्झोन तिथे ब्यूटिल मेथॉक्सिडायबेन्झॉयलमिथेन या लांबलचक नावाने येऊ शकते. यादीत घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने येतात, तेव्हा पहिल्या चार-पाचांत अल्कोहोल डिनॅट (पिण्यास अयोग्य केलेले अल्कोहोल) दिसले तर ते उत्पादन चेहऱ्याच्या वरच्या भागासाठी नको. जेल आणि स्प्रेमध्ये ते बहुधा असतेच. जेल पटकन मुरते, चिकटत नाही, म्हणून आपल्या हवेत लोकांना आवडते. पण डोळ्यांना सर्वांत जास्त त्रास त्याचाच. स्प्रे तर चेहऱ्यावर थेट कधीच मारू नये.

टिअर फ्री किंवा नेत्रतज्ज्ञांनी तपासलेले, या शब्दांमागे न झोंबण्याची हमी असेल असे समजू नये. भारतात सनस्क्रीन सौंदर्यप्रसाधनात मोडते. त्याला २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम लागू आहेत.

खनिज सनस्क्रीनची पांढरट झाक सावळ्या त्वचेवर राखेसारखी दिसते, ही तक्रार रास्त आहे. आयर्न ऑक्साइड घातलेले, त्वचेच्या रंगाचे मिळते ते घ्यावे. वांगाचा त्रास असणाऱ्यांना त्याचा आणखी फायदा, कारण दृश्य प्रकाशही काही प्रमाणात अडतो.

दुसऱ्या दिवशी झोंबण्याऐवजी पापण्यांना खाज, सूज, खवले अशी तक्रार असेल तर ती अ‍ॅलर्जी समजावी आणि त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट, म्हणजे त्वचेवर पट्टी चिकटवून करायची अ‍ॅलर्जीची तपासणी, करून घ्यावी. धावपटूंनी एक गोष्ट त्यांना आवर्जून सांगावी. गुडघ्याला केटोप्रोफेन या वेदनाशामकाचे जेल लावत असाल तर तेही सांगा. केटोप्रोफेनची उन्हात होणारी अ‍ॅलर्जी असलेल्यांपैकी अनेकांना ऑक्टोक्रायलीनही चालत नाही.

सोडून दिले तर

एकदा डोळे असे पोळले की माणूस डोळ्यांच्या आसपास काही लावायलाच नको म्हणतो. लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये यूव्ही कॅमेऱ्याने पाहिले तेव्हा सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या चेहऱ्याचा सुमारे दहावा भाग सुटलेला होता, आणि सर्वांत जास्त पापण्या आणि डोळ्याचा आतला कोपरा. तिथली त्वचा शरीरात सर्वांत पातळ. उन्हाचा परिणाम नुसत्या त्वचेवर थांबत नाही. वर्षानुवर्षे उन्हात राहणाऱ्यांच्या डोळ्यात पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे सरकणारी मांसल वाढ, म्हणजे टेरिजियम, होते ती बहुधा नाकाच्या बाजूने. म्हणून त्रास झालेल्या माणसाला सनस्क्रीन बंद करायला सांगू नये. टोपी, गॉगल आणि स्टिक यांच्यात कामाची वाटणी करून द्यावी.

लहान मुलांना हीच वाटणी, फक्त जास्त काटेकोर. मुले हातांनी डोळे चोळतात, तेव्हा तळहात आणि हातांच्या मागच्या बाजूला सनस्क्रीन नको, तिथे लांब बाह्यांचा सदरा बरा. सहा महिन्यांखालच्या बाळाला सावली आणि कपडे एवढेच. पोहण्याच्या तलावावर मुलाचे डोळे झोंबले तर तलावाच्या पाण्याने धुऊ नयेत, त्यातले क्लोरीन भर घालते. स्वच्छ पाण्याची एक लिटरची बाटली आणि धुतलेला सुती रुमाल पिशवीत वेगळा ठेवावा, आणि त्या रुमालाने सनस्क्रीनचे हात पुसू नयेत.